न मावणारी फाइल : जिल्ह्याच्या यादीपासून लोणारच्या चित्रापर्यंत

‘ही फाइल फार मोठी आहे, उघडता येत नाही’ असे संगणकाने सांगितले, की आपल्याकडे सहसा दोन निष्कर्ष काढले जातात. एक, संगणक जुना झाला, आता नवा घ्यावा लागणार. दोन, फाइल बिघडली, ज्याने पाठवली त्याच्याकडून ती पुन्हा मागवावी लागणार. पुष्कळदा हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात. संगणकही ठीक असतो आणि फाइलही ठीक असते. आपण संगणकाला सांगितलेले काम मात्र नको तेवढे मोठे असते.

याहून काळजीची एक तिसरी शक्यता आहे. फाइल उघडते, पडद्यावर आकडे दिसतात, काम सुरू होते. पण उघडलेला असतो तो फाइलचा केवळ पहिला भाग. उरलेला भाग गळालेला असतो आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. न उघडणाऱ्या फाइलमुळे फक्त आपला वेळ जातो, पण अर्धवट उघडलेल्या फाइलमुळे उत्तर चुकते. म्हणून मोठ्या फाइलचा प्रश्न नीट समजून घेण्यासारखा आहे. त्यासाठी आम्ही बुलढाणा जिल्ह्यातली दोन उदाहरणे निवडली आहेत. एक आहे जिल्ह्यातील लोकांची यादी आणि दुसरे आहे लोणारच्या सरोवराचे उपग्रहातून घेतलेले चित्र.

उघडणे म्हणजे काय?

संगणकात माहिती ठेवण्याच्या मुख्य जागा दोन. एक म्हणजे साठवणुकीची चकती. वीज गेली तरी तिच्यावरची माहिती टिकते. दुसरी म्हणजे कामाची स्मृती, जिला आपण रॅम म्हणतो. ती फार वेगवान असते, पण आकाराने लहान असते आणि वीज गेली की रिकामी होते. शाळेच्या कार्यालयातले कपाट आणि लेखनिकाचे टेबल यांच्याशी यांची तुलना करता येईल. कपाटात पन्नास वर्षांची हजेरीपत्रके राहतात, टेबलावर पाचसहाच मावतात. काम मात्र टेबलावरच करावे लागते.

फाइल उघडणे म्हणजे चकतीवरचा मजकूर स्मृतीत आणून मांडणे. साधे मजकूर-संपादक संपूर्ण फाइल एकदमच स्मृतीत आणू पाहतात. विंडोज ९५ मधला नोटपॅड सुमारे ६४ किलोबाइटपेक्षा मोठी फाइल उघडत नसे. रोमन लिपीतली सुमारे ६५ हजार अक्षरे झाली, की तो दुसऱ्या प्रोग्रॅमकडे बोट दाखवी. त्या काळच्या संगणकांत यापेक्षा पुष्कळ जास्त स्मृती होती. तेव्हा अडचण स्मृतीची नव्हती, त्या प्रोग्रॅमच्या रचनेची होती.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. चकतीवरचा आकार आणि स्मृतीतला आकार एकच असतो असे नाही. मोबाइलने काढलेले १ कोटी २० लाख ठिपक्यांचे छायाचित्र दाबून साठवलेले असल्यामुळे चकतीवर तीनचार मेगाबाइटच जागा घेते. उघडल्यावर मात्र प्रत्येक ठिपक्याच्या लाल, हिरव्या व निळ्या रंगांसाठी एकेक असे ३ बाइट लागतात. म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट. अशी वीस छायाचित्रे एकदम उघडली तर लहान संगणक का दमतो, हे यावरून समजेल.

मजकुराचेही असेच आहे. रोमन लिपीतले एक अक्षर सामान्यतः १ बाइटमध्ये बसते. आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, वेलांटी, उकार ही प्रत्येकी वेगळी चिन्हे मोजली जातात. ‘बुलढाणा’ या शब्दात ब, उकार, ल, ढ, काना, ण, काना अशी ७ चिन्हे आहेत. म्हणजे २१ बाइट झाले. हेच नाव रोमन लिपीत लिहिले तर ८ अक्षरे, ८ बाइट. तेव्हा गावांची मराठी यादी इंग्रजी यादीपेक्षा आकाराने अडीच-तीन पट भरली, तर त्यात काही बिघाड नाही.

ठरलेल्या संख्यांच्या भिंती

स्मृती कितीही वाढवली तरी काही मर्यादा हटत नाहीत. त्या मोजणीच्या असतात. संगणक ० आणि १ हे दोनच अंक वापरून मोजतो. मोजण्यासाठी १६ घरे राखून ठेवली असतील, तर २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या लिहिता येतात. २० घरे असतील तर १०,४८,५७६ आणि ३२ घरे असतील तर ४,२९,४९,६७,२९६. तीन आकडी घरे असलेल्या मीटरवर ९९९ च्या पुढे जाता येत नाही, तसेच हे आहे.

या संख्या ओळखीच्या करून घेतल्या, तर संगणकाच्या बऱ्याच तक्रारींचा अर्थ लागतो. एक्सेलच्या १९९७ ते २००३ या काळातील आवृत्त्यांमध्ये एका पानावर ६५,५३६ ओळी मावत. २००७ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींची झाली. दोन्ही संख्या वर आलेल्याच आहेत, म्हणजे २ चा १६ वा आणि २० वा घात.

पेन ड्राइव्हच्या बाबतीतला अनुभव पुष्कळांना असेल. स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण ५ गिगाबाइटचे आहे, पेन ड्राइव्ह ३२ गिगाबाइटचा आणि पूर्ण रिकामा आहे. तरी संगणक म्हणतो, फाइल फार मोठी आहे. याचे कारण पेन ड्राइव्हवरील मांडणीत असते. फॅट-३२ ही मांडणी १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर आली. तिच्यात प्रत्येक फाइलचा आकार लिहिण्यासाठी ३२ घरे ठेवलेली आहेत. मोजणी शून्यापासून सुरू होत असल्यामुळे सर्वांत मोठा आकार ४,२९,४९,६७,२९५ बाइट इतकाच लिहिता येतो. त्याहून मोठी फाइल ठेवायला जागा आहे, पण तिचा आकार नोंदवायला रकाना नाही. उपाय दोन आहेत. एक तर फाइलचे तुकडे करावेत, किंवा पेन ड्राइव्ह एक्सफॅट अथवा एनटीएफएस या मांडणीत नव्याने घडवून घ्यावा. मात्र नव्याने घडवताना त्यावरची सर्व माहिती पुसली जाते. म्हणून ती आधी दुसरीकडे उतरवून ठेवावी.

पंचवीस लाख ओळींची यादी

आता जिल्ह्याच्या यादीकडे वळू. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. समजा, जिल्ह्यातील प्रत्येक व्यक्तीसाठी एक ओळ अशी फाइल आपल्याकडे आहे. जनगणनेतील व्यक्तिगत माहिती गोपनीय असते आणि अशी यादी कोणाला मिळत नाही. ही कल्पना फक्त हिशेबापुरती. प्रत्येक ओळीत गाव, तालुका, वय, लिंग, शिक्षण असे रकाने आहेत आणि ओळ सरासरी १०० बाइटची आहे. तर फाइलचा आकार होईल २५,८६,२५,८०० बाइट, म्हणजे सुमारे २६ कोटी.

ही फाइल प्रचंड नाही. ४ गिगाबाइट स्मृती असलेल्या साध्या संगणकात ती पंधरा वेळा मावेल. पण एक्सेलच्या पानावर ती मावणार नाही. पहिली ओळ रकान्यांच्या नावांसाठी सोडली, तर एका पानावर १०,४८,५७५ व्यक्ती बसतात. उरलेल्या १५,३७,६८३ व्यक्ती, म्हणजे जिल्ह्यातील निम्म्याहून जास्त लोक, बाहेर राहतात. एक्सेल अशा वेळी फाइल पूर्ण उघडली नाही अशी सूचना देतो आणि जेवढे मावले तेवढे दाखवतो. घाईत सूचना न वाचता पुढे गेलो, तर आपल्यासमोर एक व्यवस्थित दिसणारा तक्ता असतो.

या तक्त्यावर सरासरी वय काढले, तर उत्तर येईल. तालुकावार संख्या काढली, तरी उत्तर येईल. यादी तालुक्यांच्या क्रमाने असेल, तर शेवटच्या तालुक्यांत एकही माणूस राहत नाही असा निष्कर्ष निघेल आणि तो निदान खटकेल तरी. पण यादी दुसऱ्या कोणत्या क्रमाने असेल, तर प्रत्येक तालुक्यातील थोडे थोडे लोक गळतील आणि काहीच खटकणार नाही. शिवाय तीच फाइल त्याच नावाने पुन्हा साठवली, तर न मावलेल्या ओळी मूळ फाइलमधूनही कायमच्या जातील.

इंग्लंडमध्ये २०२० साली काय घडले

हे केवळ कल्पनेतले संकट नाही. करोनाच्या साथीत, ऑक्टोबर २०२० च्या सुरुवातीला, पब्लिक हेल्थ इंग्लंड या तेथील सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या आकड्यांत मोठी गळती आढळली. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधित व्यक्ती रोजच्या आकडेवारीत आल्याच नव्हत्या. प्रयोगशाळांकडून आलेले अहवाल एकत्र करताना एक्सेलचा जुना, ६५,५३६ ओळींचा प्रकार वापरला जात होता. एका तपासणीच्या नोंदीला अनेक ओळी लागत. त्यामुळे एका फाइलमध्ये सुमारे १,४०० व्यक्तीच बसत होत्या. रुग्ण वाढले, फाइल भरली आणि पुढच्या नोंदी गळत गेल्या.

त्या लोकांना आपापल्या तपासणीचे निकाल कळले होते. पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेण्याचे काम याच आकड्यांवर अवलंबून होते आणि ते काही दिवस लांबले. साथीच्या काळात काही दिवसांचा उशीर म्हणजे किती लोकांना नकळत लागण होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको. या प्रकरणात यंत्र बंद पडले नव्हते. जास्तीच्या ओळी यंत्राने घेतल्या नाहीत, आणि आलेल्या ओळी व ठेवलेल्या ओळी यांची गोळाबेरीज वेळीच जुळवली गेली नाही.

एका वेळी एक ओळ

मग एवढी मोठी फाइल हाताळायची कशी? उत्तर सोपे आहे : ती पूर्ण उघडायचीच नाही.

जिल्ह्यात स्त्रिया किती आणि पुरुष किती हे मोजायचे आहे. त्यासाठी २५ लाख ओळी एकदम समोर असण्याची गरज नाही. पाटीवर दोन रकाने आखावेत. एक ओळ वाचावी, योग्य रकान्यात एक मिळवावा, ती ओळ विसरून जावी आणि पुढची ओळ घ्यावी. शेवटची ओळ संपली की उत्तर तयार. स्मृतीत कोणत्याही क्षणी एक ओळ आणि दोन संख्या, एवढेच असते. फाइल शंभर पट मोठी झाली तरी स्मृती तेवढीच लागते, फक्त वेळ शंभर पट लागतो. या पद्धतीला प्रवाही वाचन म्हणता येईल. पायथॉनसारख्या भाषेत ते पाचसहा ओळींत लिहिता येते आणि त्यासाठी नवा संगणक लागत नाही.

कोणते प्रश्न असे सुटतात, हे विद्यार्थ्यांना विचारण्यासारखे आहे. सर्वांत जास्त वय काढायला आतापर्यंतचे सर्वांत जास्त वय एवढी एकच संख्या पुरते. सरासरीला बेरीज आणि मोजदाद या दोन संख्या पुरतात. तालुकावार लोकसंख्येला जिल्ह्यातल्या १३ तालुक्यांसाठी १३ संख्या पुरतात. पण मध्यमान काढायचे असेल तर? म्हणजे असे वय, की निम्मे लोक त्याहून लहान आणि निम्मे मोठे. इथे आतापर्यंतचे मध्यमान आणि नवीन वय एवढ्यावरून नवे मध्यमान सांगता येत नाही. वय पूर्ण वर्षांत असेल तर एक युक्ती आहे : ० ते १२० या प्रत्येक वयासाठी एक, असे १२१ रकाने ठेवून मोजायचे आणि शेवटी खालून बेरीज करत निम्म्यापर्यंत जायचे. जिथे अशी युक्ती नसते तिथे क्रम लावावा लागतो.

टेबलावर न मावणाऱ्या कागदांचा क्रम

न मावणाऱ्या यादीचा क्रम कसा लावायचा, हे शिक्षकांना सांगण्याची फारशी गरज नाही. परीक्षेच्या शेकडो उत्तरपत्रिका क्रमांकानुसार लावताना आपण त्या सगळ्या जमिनीवर पसरत नाही. पंचवीस-तीसचे गठ्ठे घेतो, प्रत्येक गठ्ठा आतल्या आत लावून घेतो आणि मग गठ्ठे शेजारी मांडून फक्त वरच्या पत्रिकांकडे पाहतो. ज्या गठ्ठ्यावर सर्वांत लहान क्रमांक, तिथली पत्रिका उचलायची. त्याखालची आपोआप वर येते.

संगणक हेच करतो. समजा, स्मृतीत एका वेळी १ लाख ओळी मावतात. तर २५,८६,२५८ ओळींचे २६ गठ्ठे होतील. प्रत्येक गठ्ठा स्मृतीत आणून, क्रमाने लावून, वेगळी फाइल म्हणून चकतीवर ठेवायचा. नंतर २६ फाइलींची पहिली ओळ तेवढी वाचायची आणि सर्वांत लहान ओळ उत्तराच्या फाइलमध्ये लिहीत जायचे. या दुसऱ्या टप्प्यात स्मृतीत फक्त २६ ओळी असल्या तरी चालते. क्रमाने लावलेल्या याद्या अशा मिसळत जाण्याची रीत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली मांडली. तेव्हाच्या संगणकांची स्मृती आजच्या मानाने अगदीच तुटपुंजी होती. लहान स्मृतीसाठी उपयोगी पडलेली रीत आज मोठ्या फाइलींसाठी उपयोगी पडते, कारण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे.

काही वेळा आपल्याला सगळी यादी नको असते, एकच नोंद हवी असते. तलाठ्याकडे एका गटाचा सातबारा मागितला, तर तो गावाचे सगळे दप्तर वाचत बसत नाही. गट क्रमांकावरून नेमके पान काढतो. मोठ्या यादीसाठी अशी सूची एकदाच करून ठेवली, की पुढे प्रत्येक शोध क्षणात होतो. माहितीकोश, ज्याला डेटाबेस म्हणतात, तो मुख्यतः अशा सूचींच्या बळावर चालतो. एसक्यूलाइट हा विनामूल्य माहितीकोश शाळेतल्या साध्या संगणकावरही चालतो आणि २५ लाख ओळी त्याला जड नाहीत.

लोणारचे चित्र

आता चित्राकडे येऊ. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि सगळीकडे कुतूहल निर्माण झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव या रंगाचे कारण असल्याचे दिसले. असा बदल आपल्याला स्वतः पाहायचा असेल, तर उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांत काही रंगपट्ट्यांसाठी एक ठिपका जमिनीवरील १० मीटर गुणिले १० मीटर जागा दाखवतो.

ही चित्रे ठरावीक चौकोनांत मिळतात. एका चौकोनात १०,९८० ओळी आणि प्रत्येक ओळीत १०,९८० ठिपके. म्हणजे बाजू सुमारे ११० किलोमीटर. क्षेत्रफळ १२,०५६ चौरस किलोमीटर. बुलढाणा जिल्ह्याचे क्षेत्रफळ ९,६६१ चौरस किलोमीटर आहे. एकूण ठिपके १२,०५,६०,४००. प्रत्येक ठिपक्याला २ बाइट धरले, तर एका रंगपट्ट्याला २४,११,२०,८०० बाइट लागतात. रंगीत चित्रासाठी तीन पट्टे एकत्र केले, की ७२ कोटींच्या वर बाइट होतात. साधा चित्रे पाहण्याचा प्रोग्रॅम इथे हात टेकतो, यात नवल नाही.

पण आपल्याला हवे काय आहे? उल्कापाताने झालेल्या लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. चित्रात तो सुमारे १८० ठिपके भरेल. आजूबाजूच्या जागेसह ३ किलोमीटर बाजूचा चौरस घेतला, तर ३०० गुणिले ३०० म्हणजे ९०,००० ठिपके, १,८०,००० बाइट. पूर्ण पट्ट्याचा हा सुमारे १,३४० वा भाग झाला. तेवढाच वाचला तर कोणताही संगणक चालेल.

नेमका तेवढाच भाग कसा वाचायचा? ठिपके ओळीने मांडलेले असतील, तर प्रत्येक ठिपक्याचा पत्ता गुणाकाराने मिळतो. मोजणी शून्यापासून करू. ५,००० व्या ओळीतला ३,००० वा ठिपका हवा आहे. त्याच्या आधी ५,००० गुणिले १०,९८० अधिक ३,०००, म्हणजे ५,४९,०३,००० ठिपके आहेत. प्रत्येकी २ बाइट. तेव्हा १०,९८,०६,००० बाइट सोडून थेट तिथे जायचे. आधीचे काहीही वाचावे लागत नाही. मजकुराच्या फाइलमध्ये ओळी लहानमोठ्या असल्याने अशी उडी मारता येत नाही. म्हणून तिथे सूची लागते.

चित्र दाबून साठवलेले असेल, तर हे गणित सरळ चालत नाही. त्यासाठी चित्राचे लहान चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोन स्वतंत्रपणे दाबतात आणि कोणता चौकोन कुठे सुरू होतो याची यादी फाइलमध्ये ठेवतात. लोणारला स्पर्श करणारे चौकोन तेवढे सोडवले की झाले.

आणि सगळा चौकोन एका नजरेत पाहायचा असेल तर? १,९२० गुणिले १,०८० ठिपक्यांच्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० ठिपके दिसतात. चित्रातले ठिपके त्याच्या ५८ पट आहेत. म्हणजे पूर्ण चित्र स्मृतीत आणण्याचा आटापिटा केला, तरी ५८ पैकी ५७ ठिपक्यांइतका तपशील पडद्यावर दिसणारच नाही. त्यापेक्षा चित्राच्या लहान प्रती आधीच करून ठेवाव्यात. पहिली प्रत दोन्ही बाजूंनी निम्मी, दुसरी तिच्या निम्मी, असे करत जायचे. दूरवरून पाहताना लहान प्रत वापरायची, जवळ जाताना मोठी. मोबाइलवरचा नकाशा दोन बोटांनी मोठा करताना क्षणभर धूसर दिसून मग स्पष्ट होतो, तेव्हा हेच घडत असते. या सगळ्या प्रतींना जागा किती लागेल? प्रत्येक प्रतीचे क्षेत्र आधीच्या चौथाई. एक चतुर्थांश, अधिक एक सोळांश, अधिक एक चौसष्टांश, असे मिळवत गेले की बेरीज एक तृतीयांशाच्या पुढे जात नाही. भूमितीय श्रेढी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

तुकडे करताना आणि जोडताना

काही वेळा तुकडे करण्यावाचून गत्यंतर नसते. तेव्हा काही पथ्ये पाळावीत. मजकुराची यादी तोडताना ओळ संपेल तिथेच तोडावी. ठरावीक बाइटला तोडली, तर एखादी नोंद अर्धी इकडे, अर्धी तिकडे जाते. मराठी मजकुरात तर एका चिन्हाचे ३ बाइटच दोन तुकड्यांत विभागले जाऊ शकतात आणि त्या जागी अक्षराऐवजी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसते. रकान्यांच्या नावांची पहिली ओळ प्रत्येक तुकड्यावर हवी आणि जोडताना ती एकदाच मोजली जायला हवी. तुकड्यांच्या नावांत ००१, ००२ असे क्रमांक घालावेत. नुसते १, २, ३ घातले तर पुष्कळ ठिकाणी १० हा क्रमांक २ च्या आधी लागतो.

खामगाव ही कापसाची जुनी बाजारपेठ. तिथे माल उतरवण्यापूर्वी आणि नंतर गाडीचे वजन करतात, कोणाच्या शब्दावर व्यवहार होत नाही. फाइलच्या बाबतीत ओळींची मोजदाद हे ते वजन. तोडण्यापूर्वी ओळी किती, सर्व तुकड्यांची बेरीज किती, जोडल्यावर किती, हे तिन्ही आकडे लिहून ठेवावेत. अधिक खात्री हवी असेल, तर संपूर्ण फाइलवरून एक ठसा काढतात. शा-२५६ या पद्धतीत कितीही मोठ्या फाइलचा ठसा ६४ अक्षरांचा येतो आणि फाइलमधला एक बाइट बदलला तरी ठसा पार बदलतो. हा ठसाही फाइल प्रवाही पद्धतीने वाचूनच काढला जातो, हे लक्षात घ्यावे.

कोणतीही मोठी फाइल हाती आली, की पुढील क्रम आम्ही सुचवतो. प्रथम तिची एक प्रत करून मूळ फाइल बाजूला ठेवावी. आकार बाइटमध्ये पाहावा आणि तो वर सांगितलेल्या भिंतींपैकी एखाद्या भिंतीजवळ आहे का, हे तपासावे. नंतर फक्त पहिल्या दहा ओळी पाहून रचना समजून घ्यावी. एकूण ओळी मोजाव्यात. मग आपल्याला नेमके काय हवे आहे ते ठरवावे : एक संख्या, एक नोंद, की एक भाग? सगळे हवे असे प्रसंग फार थोडे असतात. आणि शेवटी, अपूर्ण उघडल्याची सूचना आली असेल तर ती फाइल त्याच नावाने कधीही साठवू नये.

वर्गात करून पाहा

१. शंभर चिठ्ठ्यांवर शंभर संख्या लिहा आणि त्या डब्यात ठेवा. एका विद्यार्थ्याने एक चिठ्ठी काढून वाचावी आणि बाजूला टाकावी. फळ्यावर फक्त दोन संख्या लिहिण्याची मुभा. सरासरी, सर्वांत मोठी संख्या आणि सर्वांत लहान संख्या यांपैकी काय काय काढता येते? दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या काढता येईल का?

२. त्याच चिठ्ठ्या दहा गटांना दहा-दहा वाटा. प्रत्येक गटाने आपल्या चिठ्ठ्या क्रमाने लावाव्यात. मग फक्त वरच्या दहा चिठ्ठ्या पाहत संपूर्ण क्रम लावा. किती वेळा तुलना करावी लागली, ते मोजा.

३. वहीच्या चौकटीच्या कागदावर ८ गुणिले ८ चौकोनांचे चित्र रंगवा. शेजारी ४ गुणिले ४, २ गुणिले २ आणि १ अशा लहान प्रती काढा. लहान प्रतींतील एकूण चौकोन मोजा. मूळ ६४ चौकोनांशी त्यांचे गुणोत्तर किती येते? एक तृतीयांशाशी ते ताडून पाहा.

४. जुन्या, ६५,५३६ ओळींच्या पानांवर बुलढाणा जिल्ह्याची २५,८६,२५८ व्यक्तींची यादी बसवायला किती पाने लागतील? प्रत्येक पानावरची पहिली ओळ नावांसाठी सोडा. उत्तर ४० येते का, ते पाहा आणि शेवटच्या पानावर किती व्यक्ती राहतात ते काढा.

यांपैकी एकाही कृतीला संगणक लागत नाही. संगणक खोली अजून न झालेल्या शाळेतही त्या करता येतील. सगळे एकदम न आणता हवे तेवढेच आणायचे आणि आणलेले मोजून घ्यायचे, एवढी सवय या चिठ्ठ्यांवर लागली, तर पुढे खऱ्या फाइलवर काम करताना तिचा उपयोग होईल.